कापडावर पाय द्यायचा नाही

आमच्या यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिंपी. गोळ्यांनी हातांची थरथर आटोक्यात आली, पण पायांनी दगा दिला. दुकानाच्या दारात आले की पाय जमिनीला खिळलेच म्हणून समजा. मी मेली तोंडाची फटकळ. "अहो, चला की! वरात यायचीय का न्यायला?" एकदा हात धरून ओढलं, तर तोंडघशी पडले.

डॉक्टरीणबाई मला रागावल्या. "पार्किन्सन आहे हा. मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप धाडते, डोपामाइन नावाच्या रसायनाकरवी. ते बनवणाऱ्या पेशीच मरत चालल्यात. निरोप नाही, तर पाय कसा उठणार? ओढू नका."

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, दुकान भाड्याने देऊन टाकू. उद्याच माणूस आणतो." दुकान गेलं तर हे जगतील कशावर, या विचाराने माझ्या काळजात चर्र झालं.

संध्याकाळी दुकानात आवराआवरीला गेलो. हे पुन्हा दारात अडकले. माझ्या हातातली अस्तराची लांब पट्टी निसटली आणि नेमकी यांच्या पायांपुढे आडवी पडली. आता, शिंपी कापडावर पाय देईल? जीव गेला तरी नाही! यांनी पाय उचलला, पट्टी ओलांडली, आणि आले की हो आत!

"अगं बाई!" मी पुढे दुसरी पट्टी टाकली. तीही ओलांडली. टाकत गेले, हे येत गेले, थेट टेबलापर्यंत. मी तिथेच रडायला लागले.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या हसल्या. "समोर आडवी रेघ दिसली की मेंदू निरोप दुसऱ्या वाटेने पाठवतो. आजार आहे तिथेच आहे हं. पण पट्ट्या चिकटवून टाका, नाहीतर घसरतील."

दुसऱ्या दिवशी दीर भाडेकरूला घेऊन हजर. हे दारात थांबले. दिरांनी हात पुढे केला, मी डोळे वटारले. यांनी खाली पाहिलं आणि एकेक पट्टी ओलांडत टेबल गाठलं. दीर बघतच राहिले.

"जागा कधीपासून मिळेल?" भाडेकरूने विचारलं.

यांनी मापाची टेप गळ्यात अडकवली. "जागा नाही मिळायची. शर्ट मिळेल. या असे पुढे."

त्या बिचाऱ्याने मुकाट्याने हात वर केले.