घासलेली नाणी

परवा शेजारणीने देवाची भांडी चिंचेने घासायला घेतली आणि त्या आंबूस वासाने मला दादांची नाणी आठवली. दादा म्हणजे माझे वडील, धान्य बाजारात हमाली करायचे. व्यापाऱ्यांकडून मागून आणलेली चांदीची, तांब्याची जुनी नाणी त्यांनी बिस्किटांच्या डब्यात वर्षानुवर्षं जपली होती. ती मला आणि बहिणीला सारखी वाटून द्यायची, म्हणून त्यांना किंमत जाणून घ्यायची होती. मी त्यांना घेऊन जुनी नाणी विकत घेणाऱ्यांकडे गेले. वाशीच्या पहिल्या दुकानदाराने डबा नुसता चाळवला आणि म्हणाला, "सगळं भंगार आहे. हा एक चांदीचा रुपया मात्र ठेवून जा, निवांत बघतो." भंगार आहे तर ठेवून कशाला घेतोस, या विचाराने माझं डोकं तिथेच तापलं. नेरूळच्या दुसऱ्या दुकानदाराने भिंगातून एकेक नाणं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, ही घासली कोणी? वरचा जुना रंगच गेला. आता निम्मी किंमतही येणार नाही." मी भडकलेच. "भाव पाडायच्या ह्या युक्त्या आम्हाला कळतात," असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावून मी डबा उचलला आणि दादांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. रिक्षात बसल्यावर दादा खाली बघत म्हणाले, "अगं, काल मीच चिंच लावून घासली. जरा बरी दिसावीत म्हणून." मी कपाळावर हात मारला. "मग तिथे बोलला का नाहीत?" "तू बोलू कुठं दिलंस?" रिक्षा मागे वळवून त्या माणसाची माफी मागायचं माझं धाडस झालं नाही, आणि आजही त्याचं दुकान जवळ आलं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते.