गोळी चावायची नाही

माझी नणंद शाळेत नववीला शिकवते आणि पोरं तिला मागून गोळीबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. "मागून म्हणतात तोवर ठीक आहे," असं ती वर तोंड करून सांगते, पण मनातून तिला ते नाव भारी आवडतं. मी तिच्यासोबत एकाच घरात राहते, त्यामुळे माझ्यापासून काही लपत नाही.

ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, त्याचं कारण कुणी विचारलं तर म्हणते, वह्या तपासून वेळ मिळाला नाही. मी तिला ताई म्हणते, आणि तिच्याशी भांडतेही ताई म्हणूनच. ओला टॉवेल खुर्चीवर टाकते, चहाचा कप जिथे पिते तिथेच ठेवते, जेवायच्या टेबलावर वह्यांचे ढीग मांडून बसते आणि आम्ही ताटं हातात घेऊन उभे. पण घरात कुणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी तीच. अशा माणसावर नीट रागावताही येत नाही, आणि मला तर रागवायला फार आवडतं.

आता गोळीचं सांगते. बरीच वर्षं झाली, तिच्या वर्गातला एक मुलगा मित्रांबरोबर भरदुपारी दारू प्यायला. कुणाच्या तरी घरी मोठी माणसं नव्हती, बाटली होती, पैज लागली. त्या वयात काय हवं असतं आणखी? मग त्याला कसंतरी व्हायला लागलं. तो घरी यायला निघाला, आपल्या इमारतीपर्यंत पोचलाही, पण वर जायची हिंमत होईना. वडील रागीट होते. थोडा वेळ बसू, उतरेल, मग जाऊ, असा विचार करून तो जिन्याखाली सायकली ठेवतात तिथे बसला. तिथेच आडवा झाला. आई वर गॅलरीतून वाट बघत होती आणि पोरगं खाली जिन्याखाली. कुणीतरी सायकल काढायला गेलं तेव्हा सापडला. तोवर उशीर झाला होता.

ताई त्याच्या घरी जाऊन आली आणि कितीतरी दिवस नीट जेवली नाही. मग एक दिवस मला म्हणाली, "वहिनी, त्या पोराला दारू वाईट असते हे माहीत होतं गं. मीच शिकवलं होतं. फळ्यावर लिहून दिलं होतं. घरी फोन केला तर चालेल, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं."

तेव्हापासून तिचा तो तास सुरू झाला. त्यात कवटीची चित्रं नाहीत, सडलेल्या फुप्फुसांचे फोटो नाहीत. घाबरवलं की पोरं थांबत नाहीत, लपायला शिकतात, असं तिचं म्हणणं. ती पोरांना सरळ सांगते की दारूनं, गांजानं, त्या खोकल्याच्या औषधांनी वाढत्या डोक्याचं काय होतं. मग आग्रह करणाऱ्या मित्राला नको कसं म्हणायचं ते दोघादोघांना उभं करून बोलायला लावते. पोरं हसून लोळतात, पण बोलतात. आणि घरचा फोन नंबर पाठ करून घेते. मोबाइल बंद पडला तर आईचा नंबर एकाला सांगता येत नाही, अशी ही हुशार पिढी.

पण खरा तास आईबापांचा. पालकसभेला ती सगळ्यांना पोरांच्या बाकांवर बसवते, गुडघे वर येतात ते येऊ देत. आणि प्रत्येकाच्या हातावर लिंबाच्या चवीची एक कडक गोळी ठेवते. पोरानं कुठूनही फोन केला, मला न्यायला या म्हणून, तर लगेच निघायचं. निघताना गोळी तोंडात टाकायची. ती विरघळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही आणि गोळी चावायची नाही. पोराची तब्येत बघायची, गरज वाटली तर थेट डॉक्टर, नाहीतर घर. प्रश्न दुसऱ्या दिवशी. "दुसऱ्या दिवशी मात्र सोडायचं नाही," असंही ती बजावते, "कुठे, कोण, का, सगळं विचारायचं. शिक्षा करायची तर तेव्हा करा."

मग सराव. शेजारचा पालक पोरगा होतो, तोंड पाडून बसतो आणि म्हणतो, बाबा, चुकलं. गोळीवाल्यानं गप्प राहायचं. एक ट्रकमालक होते, दांडगे, मिशीवाले. त्यांनी पहिल्याच वाक्याला गोळी कडाडकन फोडली आणि समोरच्या बिचाऱ्या बँकेतल्या बाईंना झापायला सुरुवात केली. ताईनं त्यांच्या हातावर दुसरी गोळी ठेवली. "हाताची घडी, तोंडावर बोट. पुन्हा करा." त्यांनी पुन्हा केलं, आणि पुन्हा फोडली. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लिंबामुळे आहे असं ते म्हणाले.

मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. आलेल्याचं नाव विचारायचं, बसवायचं, डॉक्टरांनी हाक मारली की आत सोडायचं. त्यामुळे ताईच्या या गोळीवाटपाला माझा तात्त्विक विरोध होता. डॉक्टर तर म्हणायचे, तुमच्या नणंदबाई आपल्याला गिऱ्हाईक पाठवतात. पण गोळी न चावण्याची शपथ मीही घेतली होती, कारण आमच्या घरातही एक पोरगी वाढत होती.

तिला आम्ही मुंगी म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून. आता आत्याच्या खांद्याच्या वर गेलीय आणि जिभेला माझ्यासारखीच धार आहे. मुंगी ताईच्याच शाळेत दहावीत गेली त्या वर्षी सहामाहीचा शेवटचा पेपर झाला आणि ती वर्गातल्या एकीच्या घरी गेली. त्या घरी मोठं माणूस असणार, असं कबूल झालं होतं. मोठं माणूस म्हणजे तिचा कॉलेजातला भाऊ निघाला, आणि बाटली त्यानंच आणली होती.

दवाखान्यात फोन वाजला. मी नेहमीच्या सुरात नमस्कार म्हटलं. पलीकडून मुंगी म्हणाली, "आई, मला न्यायला ये."

टेबलासमोरची गर्दी तशीच टाकून मी निघाले. ताईला फोन लावला, ती शाळेतून गाडी घेऊन घरी चालली होती, तिनं मला वाटेत घेतलं. डॅशबोर्डच्या कप्प्यात तिचा गोळ्यांचा डबा असतो. दोघींनी एकेक गोळी तोंडात टाकली. मुंगी त्या इमारतीच्या फाटकाशी उभी होती, चेहरा पांढराफटक. ती मागे बसली आणि गाडीत वास पसरला. ताईनं तिच्या कपाळाला हात लावला, डोळे पाहिले, पाण्याची बाटली दिली. मुंगी नीट बोलत होती, नीट चालत होती. गाडी निघाली.

मी काय सांगू तुम्हाला? माझी जीभ त्या गोळीखाली नुसती तडफडत होती. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण मी बोलले नाही. मला वाटलं होतं, घोटाळा झालाच तर माझ्याकडून होणार, आणि ताई मला डोळ्यांनी दटावणार.

सिग्नलला गाडी थांबली. मागून मुंगी हळूच म्हणाली, "मी आधी फोन नव्हते करणार. त्यांच्या जिन्याखाली बसले होते थोडा वेळ."

कडकन आवाज झाला. मला वाटलं गाडीचं काही मोडलं. ताईनं गोळी चावली होती.

"जिन्याखाली? जिन्याखाली का बसलीस? किती प्यायलीस? कुणी दिली तुला?" ताईचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि ही मागे वळून ओरडतेय. मी तिचा दंड धरला तेव्हा कुठे ती भानावर आली.

मुंगी खिडकीबाहेर बघत होती. "तू शाळेत सगळ्यांना सांगतेस, विचारायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "आता मी कधीच फोन करणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही रीतसर विचारायला बसलो. मुंगी म्हणाली, काल विचारून झालंय. तिचे बाबा बोलले, मी बोलले, महिनाभर बाहेर जाणं बंद केलं. तिनं सगळं मान डोलावून ऐकलं. ताई म्हणाली, "माझं चुकलं, मुंगे." त्यावर तिनं नुसते खांदे उडवले. त्या खांद्यांची मला जास्त भीती वाटली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

ताईची दाढ तुटली होती. दोन दिवस तिनं गाल धरून कळ काढली, मग मी तिला दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टर हसले, मग तिचा चेहरा बघून कामाला लागले. दाढेवर टोपी बसवून झाल्यावर ताई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. अर्धं तोंड बधिर. म्हणाली, "वहिनी, ती पुढच्या वेळी जिन्याखालीच बसेल गं. माझ्यामुळे."

पुढच्या पालकसभेत तिनं गोळ्या वाटल्या आणि सांगितलं, "मागच्या महिन्यात एका घरातून फोन आला. न्यायला गेलेल्या बाईनं सिग्नलवर गोळी चावली. ती बाई मी." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ट्रकमालक उठले, पुढे आले आणि एक गोळी तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "पुन्हा करा, बाई."

घरी मात्र काही हललं नव्हतं. मुंगी आत्याशी कामापुरतं बोलायची. शेवटी मलाच राहवेना. गॅलरीत मुंगी आणि मी कपडे वाळत घालत होतो, तेव्हा मी तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली. जिन्याखालच्या सायकलींची. आम्ही तिला ती कधी सांगितलीच नव्हती, लहान आहे, लहान आहे म्हणत. मुंगी ऐकत राहिली. हातातला मोजा तिनं दोरीवर घातला, काढला, परत घातला. "मग तिनं असं सांगायचं ना," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

वर्ष संपलं. परीक्षा झाली आणि एका रविवारी वर्गातल्या सगळ्यांनी भेटायचं ठरवलं. मुंगी निघाली. ताई दारापर्यंत गेली. दुपारभर ती टेबलावर वह्या मांडून बसली आणि फोन वह्यांवर ठेवला. मी भांडी घासत होते, पण नळ बारीक सोडून, रिंग ऐकू यावी म्हणून. आमच्या दोघींना एकच धास्ती होती: काही झालं तर पोरगी फोन करणार नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन वाजला. माझा नाही, ताईचा.

"आत्या, ये. मी ठीक आहे, मी काही घेतलं नाही. माझी मैत्रीण सारखी ओकतेय. आईलाही आण."

गाडी मी कधी पाहिली नाही इतक्या वेगानं ताईनं काढली. त्या मैत्रिणीला मी मागच्या सीटवर एका कुशीवर निजवून धरलं, थेट इस्पितळात गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, बरं झालं आणलंत. तिच्या आईला कळवलं. ती रिक्षातून उतरून धावत आली, केस मोकळे, पायात दोन वेगळ्या चपला, आणि गालात गोळी. ओठ घट्ट मिटलेले. काही न बोलता तिनं लेकीला पोटाशी धरलं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

त्यांना तिथे सोडून आम्ही परत निघालो. मुंगी पुढे बसली. तिनं कप्पा उघडला, डब्यातून एक गोळी काढली आणि आत्यापुढे धरली.

"घे. चावू नकोस."

ताईनं दुसऱ्या बाजूच्या दाढेखाली गोळी ठेवली आणि गाडी चालवायला लागली. मग मुंगी बोलायला लागली. आजचं सांगितलं. मग सहामाहीच्या पेपरनंतरचं सगळं सांगितलं, तो भाऊ काय म्हणाला, मैत्रिणी कशा हसल्या, पहिला घोट घेतल्यावर किती घाण लागलं, नको म्हणायचं सगळं आठवत होतं पण तोंडातून शब्द फुटला नाही. जिन्याखाली तिला काय वाटत होतं, तेही सांगितलं. आम्ही महिनोन्‌महिने विचारून जे निघालं नव्हतं, ते सगळं ती एकटी बोलत होती. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती रस्त्याकडे बघत होती.

घर आलं. ताईनं गाडी उभी केली, पण दार उघडलं नाही. मुंगीचं बोलणं संपलं नव्हतं. मी मागे बसून ताईचा गाल बघत होते. गोळी केव्हाच विरघळली होती, गाल सपाट झाला होता. तरी ती बोलली नाही.