भिंतीकडे तोंड करणारा गुलाबभाऊ

कुणाला प्रश्न विचारला की गुलाबभाऊ स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. रागाने नाही, लाजेनेही नाही. उत्तर येईपर्यंत तिकडेच. नागपुरात आमच्या भागात तेव्हा मतिमंद मुलामुलींसाठी एक छोटी कार्यशाळा होती. 'मतिमंद' हाच त्या काळचा शब्द. तिथे पाकिटं चिकटवायची, खडू पाडायचे. गुलाबभाऊ तिथला सगळ्यात जुना विद्यार्थी. चाळिशीला टेकलेला, केसांना चपचपीत तेल, आणि त्याने चिकटवलेलं एखादं पाकीट सरळ असल्याचं मला काही आठवत नाही.

तरी नवीन आलेल्याला बाई आधी त्याच्याच शेजारी बसवायच्या. कार्यशाळा त्याच चालवत. म्हणायच्या, "काम मी शिकवीन हो. बोलतं करायचं ते गुलाबने."

माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला, पहिल्या दिवशी मी आणि आई घेऊन गेलो तेव्हा ते डोळ्यांनी पाहिलं. शालू विशीची झाली होती, पण चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. चहा आला. आई लगेच म्हणाली, "तिले नको. ती चहा घेत नाही."

"तिले विचारा ना, काकू," गुलाबभाऊ म्हणाला, आणि स्वतःच विचारलं, "शालू, चहा घेतं काय?" की फिरला भिंतीकडे. आई माझ्याकडे बघते, मी बाईंकडे. चहावर साय धरली. मग बारीक आवाज आला, "घेतो." कप रिकामा, बशीही रिकामी. चहा न घेणारी मुलगी म्हणून आम्ही तिला इतकी वर्षं वाढवलं होतं. आई परतताना रिक्षात हसत होती आणि डोळेही पुसत होती.

नंतर मी गुलाबभाऊला विचारलं, भिंतीवर एवढं काय असतं रे? तो म्हणाला, "कोणी पाहून राहिलं का जीभ अडकते ना गा. माही लय अडकत होती. सारे तोंडाकडं पाहत, अन् मंग आईच बोलून टाके."

या सवयीपायी त्याने भल्याभल्यांना कामाला लावलं. देणगी द्यायला आलेल्या एका शेठजींनी एका मुलाकडे बोट दाखवून बाईंना विचारलं, "हा जेवतो का नीट?" गुलाबभाऊने शेठजींचे खांदे धरून त्यांना अलगद वळवलं. "आता त्याले विचारा." शेठजींनी बिचाऱ्यांनी भिंतीला विचारल्यासारखं विचारलं. मागून मुलगा म्हणाला, "वरणात मीठ कमी असते." देणगी मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून वरणही सुधारलं.

पुढे आई गेली, आणि घरात मोठा पेच उभा राहिला. मी कचेरीत, बायको शाळेत. दोघंही संध्याकाळी परतणार. शालू दुपारीच सुटायची. मधल्या वेळात तिच्याजवळ कोण? शेजारपाजार विचारून झाला, एक बाई ठेवून पाहिली, तीही टिकली नाही. आमच्या गावाहून, खाप्याहून, काका आले आणि म्हणाले, "मी नेतो तिले. आमच्या घरी माणसं आहेत." काकांचा जीव होता तिच्यावर, पण खाप्याला गेली की कार्यशाळा संपली, आणि नुकतं फुटलेलं बोलणंही. मला ती जायला नको होती. पण दुपारी तिच्याजवळ बसायला माणूसही मिळत नव्हतं.

काकांसाठी आम्ही दोघांनी त्या दिवशी रजा टाकली होती. आमची हुज्जत चालू असतानाच शालूला घेऊन गुलाबभाऊ आत आला. तो मागच्याच गल्लीत राहायचा, आणि रोज सिटी बसने तिला घरी आणून सोडायचा.

"काय चालू आहे?"

"पोरीचं काय करायचं ते ठरवून राहिलो," काका म्हणाले.

"तिले विचारलं काय?"

"तिले काय समजते?"

"थे तिलेच माहीत. शालू, तुले काय पाहिजे? चला, तोंडं फिरवा सारे."

आणि खरंच, गावातले तंटे मिटवणारे माझे काका, मी आणि माझी बायको, तिघंही गुलाबभाऊच्या रांगेत भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. काका खाकरले. "थांबा ना, काका," गुलाबभाऊ म्हणाला.

"मले किल्ली पाहिजे," शालू म्हणाली.

काका गर्रकन वळले. "कायची किल्ली?"

"घराची. मी कुलूप उघडतो. आतून कडी लावतो. चहा करतो."

आम्ही गावभर माणूस शोधत होतो आणि तिला हवी होती किल्ली. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. काकांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "महिनाभर पाहू," ते म्हणाले. "नाही जमलं तर मी घेऊन जातो."

गुलाबभाऊ मग कित्येक दुपारी तिच्याबरोबर आला. ती कुलपाशी झटापट करायची आणि हा गल्लीत पाठ करून उभा. एकदाही त्याने हात लावला नाही. मग कुलपावर तिचा हात बसला, आणि एक दिवस त्याने यायचंच बंद केलं.

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याची आठवण आली की मला त्याचा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. आणि तो दिवस आठवतो, शालू पहिल्यांदा एकटी घरी आली तो. मी कचेरीतून लवकर निघून सायकल अशी हाणली की चौकातला शिपाई ओरडला. दाराला बाहेर कुलूप नव्हतं. आत स्टोव्हचा आवाज. मी कडी वाजवली.

"कोण?" आतून दरडावून विचारलं गेलं.

मी माझ्याच दारात उभा राहून माझं पूर्ण नाव सांगितलं.

"थांब," शालू म्हणाली. "चहा उतू जाईन."

मी थांबलो.