काकूंना भरवलेला पेढा

आमच्या जर्सी सिटीच्या इमारतीत समोरच्या घरात एक आफ्रिकन बाई एकट्या राहतात. माझी लेक त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही. त्यांच्या देशात वर्षानुवर्षं एकाच माणसाची हुकूमशाही. त्याच्या तुरुंगात काकूंच्या भावाचा जीव गेला, तेव्हा ‘हा असेपर्यंत तिकडे पाऊल टाकणार नाही’ म्हणून त्या इकडे आल्या. मुलगा मात्र तिथेच, सैन्यात कॅप्टन. फोनवर कोणी ऐकेल म्हणून मायलेक फक्त जेवणाखाण्याचं बोलत. "परत गेले की त्याला समोर बसवून जेवू घालणार," असं त्या मला शंभरदा म्हणाल्या असतील.

आमचे डबे या दारातून त्या दारात फिरत. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

त्या शनिवारी दुपारी फोनवर बातमी पाहिली. तरुण कॅप्टन-लेफ्टनंटांनी हुकूमशहाला अटक केली होती, लोक रस्त्यावर नाचत होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं आई मला उगाच म्हणत नसे. मी गाडी काढून इंडियन स्टोअरमधून पेढे आणले, डब्यात भरले आणि काकूंची बेल दाबली. दार उघडताच "काकू, तोंड उघडा!" म्हणत पेढा भरवलासुद्धा. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही.

त्यांनी तो सावकाश चावला, गिळला. मग म्हणाल्या, "सकाळी माझ्या मुलाच्या मित्राचा फोन आला. राजवाड्याच्या फाटकापाशी गोळी लागली त्याला. गेला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडे मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत आणि मी त्या आईला पेढा भरवला होता. "थुंकून का नाही टाकलात?" मी रडत विचारलं. "तू किती आनंदाने आणला होतास," त्या म्हणाल्या, आणि उलट मलाच जवळ घेतलं.

पुढे आठवडाभर मी त्याच डब्यातून वरणभात नेत होते. एके संध्याकाळी त्या स्वतः डबा द्यायला आल्या. घासूनपुसून लख्ख केलेला, आत चमचाभर साखर.

"आता जाता येईल मला तिकडे," त्या म्हणाल्या. "पण जेवू कुणाला घालू?"