बिस्किटात दूध आहे का?

मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली आणि वर्षभरात व्हेगन झाली. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. मी म्हटलं, अगं, हा कसला मेला उपास? आपल्या उपासाला जे सगळ्यात आधी चालतं, नेमकं तेच तुला चालत नाही! ती हसली, "आई, हा उपास नाहीये." मग आहे तरी काय, ते काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दिवाळीला ती बदलापूरला आली, तेव्हा मी मोठ्या हौसेने उल्हासनगरहून बिस्किटं आणून ठेवली होती. दुकानदार सिंधी, जुन्या ओळखीचा. "हरा डॉट है ना आंटी, एकदम प्युअर," म्हणाला. मी निश्चिंत. पोरीने पुडा उलटा केला, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि न फोडताच परत ठेवला. "दूध पावडर आहे गं यात." अख्खी सुट्टी तिने कोरा चहा नुसताच प्यायला. माझा जीव नुसता तुटत होता.

ती गेली आणि मी हट्टालाच पेटले. दुकानात उभी राहून पुड्यांच्या पाठी वाचायला लागले. काही कळलं नाही, की फोटो काढून तिला पाठवायचा. आणि गंमत बघा, "जेवलीस का?" विचारलं तर दिवसच्या दिवस उत्तर नाही, पण पुड्याच्या फोटोला लगेच! "व्हे म्हणजे दुधातलंच, आई." "हे चालेल." कधी सोबत एखादा हसरा चेहरा.

आमचे हे गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायला आहे कोण? मला तिच्या या उत्तरांची चटकच लागली. अंबरनाथला बहिणीकडे गेले तरी आधी वाटेतल्या दुकानात शिरायचे. पुढे पुढे सगळं वाचता यायला लागलं, तरी मी आपली विचारतच राहिले.

परवा असाच एक फोटो पाठवला. उत्तर आलं, "आई, हे मिल्क बिस्किट आहे, पुढेच एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुला येतं की आता सगळं! मला विचारायची गरजच नाही."

कौतुकच केलं हो तिने. मी मात्र घाईघाईने लिहिलं, "अगं, चष्मा सापडत नव्हता."

चष्मा नाकावरच होता.