समीक्षाच्या यादीत नसलेले चार शब्द

या पानावर लोक लिहितात ते अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसण्यासाठी वाचतो. राग मानू नका. चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबातून रक्त काढणारा कोणी बाबा गावात येऊन गेला, की दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसंच लिंबू कापून दाखवायचो आणि चाकूला आधी काय लावलेलं असतं तेही सांगायचो. भूत, करणी, भानामती यातलं काही मी मानलं नाही, आजही मानत नाही. त्यामुळेच गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जे घडलं ते कोणत्या कप्प्यात ठेवावं हे मला कळलेलं नाही.

माझं नाव पुंडलिक. वय बहात्तर. राहणार नेर, जिल्हा यवतमाळ. मला इथे सगळे मास्तर म्हणतात.

आधी देविदासबद्दल सांगतो. नेरपासून दोन कोसांवरच्या एकाच वस्तीत आम्ही वाढलो, एकाच वर्गात बसलो. तो दर वर्षी पहिला यायचा आणि मी दुसरा. अंतर कधी तीन मार्कांचं, कधी एका मार्काचं. मार्कांचं एक वेळ चाललं असतं, पण त्याला जे प्रश्न पडायचे ते मला कधी पडले नाहीत, आणि ते मला जास्त लागायचं. आठवीत असताना बांधावर बसून त्याने मला विचारलं होतं, "झोपलेल्या माणसाले त्याच्या नावानं हाक मारली का तो उठते. दुसऱ्याच्या नावानं मारली तर नाई उठत. मंग झोपेत आयकून कोन राह्यते बे?" मी म्हटलं, तुले काय करायचं हाये. पण त्या रात्री मला झोप आली नाही. हा प्रश्न मला का नाही सुचला, एवढ्याचसाठी.

मॅट्रिकनंतर आम्ही दोघांनी नागपूरच्या एका कॉलेजला अर्ज पाठवले. तिथे मानसशास्त्र शिकवायचे आणि राहायला वसतिगृह होतं. पुढे असं झालं, की देविदासचा नंबर लागला नाही आणि माझाही नाही. मी डी.एड. करून मास्तर झालो. तो नेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसला आणि तिथूनच रिटायर झाला. निदान सगळ्यांना माहीत आहे ते असं.

त्याची नात समीक्षा. मुलगी लहानपणापासून तल्लख. तीन वर्षांपूर्वी तिला दक्षिणेकडच्या एका मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला—ब्रेन अँड कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मेंदू कसा विचार करतो, कसं लक्षात ठेवतो, त्याचं पदवीचं शिक्षण. देविदास स्वतः पेढे घेऊन घरी आला. मी पेढा खाल्ला, त्याची पाठ थोपटली, आणि तो गेल्यावर बायकोला म्हणालो, असल्या शिक्षणाला नोकरी कुठे मिळते? ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेढा त्यायनं देल्ला, पोट तुमचं काहून दुखून राह्यलं?"

दुखत होतं खरं. माझा नातू यवतमाळला टू-व्हीलरच्या शोरूममध्ये आहे. गुणी पोरगा आहे, माझी औषधं तोच आणतो. पण समीक्षाचं नाव निघालं की मी त्याच्याकडे बघायचो, आणि त्याला ते समजायचं. याची मला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी देविदासला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ संपलं. दिवसभरात मोजून दहा-बारा शब्द. तेही पाणी, पंखा, बस, असे. सुरुवातीला मी रोज जायचो, मग आठवड्याने, मग तेही सुटलं. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे तर मी त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो. हे तीन आठवडे लक्षात ठेवा.

समीक्षा सुट्टीत आली ती प्रोजेक्ट घेऊन. साठीच्या पुढची दहा माणसं तपासायची होती. ती पंधरा शब्द वाचणार, सेकंदाला एक. नंतर जेवढे आठवतील तेवढे आपण सांगायचे, कोणत्याही क्रमाने. वीस मिनिटं गप्पा, मग पुन्हा तेच. मी लगेच हो म्हटलं. नातीसारख्या पोरीला मदत वगैरे काही नाही—देविदासची तपासणी त्याच दिवशी सकाळी आहे असं तिने सांगितलं होतं, म्हणून. आदल्या दिवशी मी बायकोला किराण्याची यादी वाचायला लावली आणि डोळे मिटून म्हणून दाखवली. लकवा झालेल्या माणसाशी मी शर्यत लावत होतो.

दुपारचे चार वाजले होते. आम्ही माझ्या घरी ओसरीत बसलो. तिने एका कागदावर माझी सही घेतली, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वाचायला लागली—नदी, टोपी, खुर्ची, साबण... मी मन लावून ऐकलं आणि भराभरा म्हणून दाखवलं. मला वाटलं, छान झालं.

"अकरा ना?" मी विचारलं.

"अकरा बरोबर, मास्तर आबाजी. अन् चार जास्तीचे."

मी म्हणालो, जास्तीचे मी काही बोललोच नाही. ती हसली. असं सगळ्यांचं होतं म्हणाली. गादी, उशी, अंथरूण ऐकलं की लोक हमखास 'झोप' पण सांगतात आणि शपथेवर सांगतात, कारण मेंदू रिकाम्या जागा भरून काढतो. "पण तुमचे चार यादीशी कुठंच जुळत नाहीत," असं म्हणत तिने रेकॉर्डिंग लावलं.

आवाज माझाच. अकरा शब्द. मग श्वास घेण्याइतकी जागा. आणि मग समोरच्या कागदावरून वाचावं तसं संथपणे—

"सरकी. जांभळा. बकरी. कान."

मला हे बोलल्याचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पुन्हा लाव म्हणून मी मोबाइलकडे बोट केलं. पण समीक्षाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती पिशवीतून दुसरा कागद काढत होती. सकाळचा, देविदासचा. त्यावर यादीतले फक्त दोन शब्द होते. त्याखाली तिच्याच अक्षरात चार शब्द—सरकी, जांभळा, बकरी, कान. हाच क्रम. देविदासचं रेकॉर्डिंगही तिने लावलं. अडखळत, लाळ गिळत, पण चारही शब्द स्पष्ट.

"बाबाजी एवढे शब्द एका दमात दोन वर्षांत बोलले नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही दोघं बोलले का याच्याबद्दल?"

नाही, म्हटलं. आणि ते खरं होतं.

आता ते चार शब्द काय आहेत ते सांगतो. पन्नास वर्षांहून जास्त झाली, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आमच्या वस्तीवर पोस्टमन क्वचित यायचा. बाजाराच्या दिवशी जो नेरला जाईल त्याने पोस्टातून सगळ्या वस्तीचं टपाल आणायचं, अशी पद्धत होती. पोस्टमास्तर काही न विचारता गठ्ठा हातात द्यायचे. त्या आठवड्यात देविदास तापाने पडला होता, म्हणून मी गेलो. गठ्ठ्यात नागपूरच्या कॉलेजचं कार्ड होतं. एकच. देविदासच्या नावाचं. मुलाखतीला अमुक दिवशी हजर राहा, निवड जवळपास झालेली आहे, असा मजकूर आणि खाली कॉलेजचा जांभळ्या शाईचा शिक्का. मी गठ्ठा तीन वेळा चाळला. माझ्यासाठी काही नव्हतं.

जिनिंगच्या मागे सरकीची पोती रचलेली होती. त्यांच्या आडोशाला मी किती वेळ बसलो माहीत नाही. एक बकरी आली. डावा कान फाटलेला, दोन तुकडे लोंबत होते. ती कार्ड हुंगायला लागली. मी हात मागे घेतला नाही. उलट थोडा पुढे केला. तिने कार्ड खाल्लं, शिक्क्यासकट, आणि मी ते बघत राहिलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. संध्याकाळी बाकीचं टपाल मी घरोघर वाटलं. देविदासने अंथरुणातून विचारलं, मायं काई आलं का? मी म्हटलं, नाई.

वीस मिनिटांनी समीक्षाने पुन्हा विचारलं तेव्हा मी एकेक शब्द तपासून बोललो. सातच आठवले. जास्तीचा एकही नाही.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. चेहरा उतरलेला. तिच्या सरांनी दोन्ही कागद पाहिले होते. यादीत नसलेले तेच चार शब्द, त्याच क्रमाने, दोन वेगळ्या माणसांकडून—हे होऊ शकत नाही, म्हणाले. एक तर तिने आम्हाला आधी काही सांगितलं, नाही तर कागद बनवले. सरांना माझ्याशी बोलायचं होतं. तिने व्हिडिओ कॉल लावून दिला.

सर तरुण होते, अदबीने हिंदीत बोलले. समीक्षाने मला काही शिकवलं होतं का, देविदासशी माझं काही बोलणं झालं होतं का. मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, या चार शब्दांचा तुमच्या आयुष्याशी काही संबंध आहे का? असेल तर सांगा, या मुलीसाठी फार महत्त्वाचं आहे.

मी म्हणालो, "नो सर. नथिंग."

ते तिला म्हणाले, मग हे प्रकरण समितीपुढे जाईल आणि तोवर प्रोजेक्ट बंद. आवाज चढवला नाही. खोट्या नोंदी केल्याचा ठपका बसला तर पुढे कोणी तिला प्रयोगशाळेत उभं करणार नव्हतं, हे तिनेच मला मघाशी सांगितलं होतं. मोबाइल खाली ठेवून तिने मान खाली घातली. आणि माझ्या छातीत बारीकसा गारवा पसरला. बरं वाटलं मला. देविदासच्या घरातला पहिला नंबर गेला, असं वाटलं.

तो गारवा माझ्या ओळखीचा होता. पोत्यांच्या आड, बकरीने शेवटचा तुकडा गिळला तेव्हाचा तोच.

दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी देविदासकडे गेलो. तो अंगणात बाजेवर टेकून बसला होता. समीक्षा बॅग भरत होती, दुपारच्या बसने निघणार होती. मी तिला बाहेर बोलावलं, बस म्हटलं, आणि देविदासच्या चांगल्या हाताकडे बसून बोललो. बाकी काय काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं.

"देविदास, नागपूरचं कार्ड आलतं. तुया नंबर लागलता. मी ते बकरीले चारलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. समीक्षाने त्याला विचारलं, "बाबाजी, तुम्हाले हे माहीत होतं?" त्याची नजर माझ्यावरच होती. मग तिने मला विचारायला सुरुवात केली. रडत होती, पण प्रश्न नेमके विचारत होती. तेव्हा तिथे कोणी होतं का? नाही. मी कधी तापात, झोपेत बरळलो का? बायको नाही म्हणते. कुठे लिहून ठेवलं होतं का? नाही.

समजा, देविदासला कोणीतरी सांगितलं होतं आणि इतकी वर्षं तो गप्प राहिला. तरी त्याच दिवशी, त्याच क्रमाने, ते शब्द माझ्या तोंडून कसे आले? मी तर ते जन्मभर दाबून ठेवले होते. आणि कानाचं कोण सांगणार? ती कानफाटी बकरी कार्ड खाताना माझ्याशिवाय कोणी पाहिली नव्हती.

तिथूनच मी सरांना फोन लावायला सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, आधी खोटं बोललो हेही. त्यांनी दोन-तीन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाले, हे अहवालात लिहिता येणार नाही, पण मुलीने काही बनवलेलं नाही हे मी मान्य करतो. आमचे दोन कागद बाजूला काढून उरलेल्या आठांवर तिचा प्रोजेक्ट पुढे चालू राहिला. मी समीक्षाला म्हटलं, निदान माझं नाव टाकून कुठेतरी लिही, की या माणसाने असं केलं. ती म्हणाली, तसं चालत नाही, तपासलेल्या माणसांची नावं कधीच देत नाहीत. "तुम्ही सहभागी क्रमांक सात आहात, आबाजी."

सात नंबरच्या आड लपून दिलेली कबुली ती कसली कबुली? म्हणून इथे लिहितो आहे.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरूर सांगावं. समीक्षाला उत्तर सापडलेलं नाही, तिच्या सरांनाही नाही. मी दोन्ही रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकली. चार शब्दांच्या आधीची श्वासाएवढी जागासुद्धा दोघांची सारखीच आहे. यापुढे मला काही सांगता येत नाही.

त्या सकाळी सरांशी फोन झाल्यावर मी जायला उठलो. तेव्हा देविदासने डावा हात उचलला, मला नाही, समीक्षाला थांबवायला. ओठ जुळवायला त्याला वेळ लागला.

"याले... चहा."

तिने चहा केला. मी त्याच्यासमोर बसून प्यायलो. त्याला सगळं समजलं आणि तरी त्याने चहा विचारला, की काहीच समजलं नाही आणि आलेल्या माणसाला विचारतात तसा विचारला, हे मला माहीत नाही. समजलं असेल तर एवढं मोठं मन मला मिळालं नाही. समजलं नसेल तर एवढी शांतताही मिळाली नाही. कप हातात धरून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि सगळं कबूल करून झाल्यावरही मला त्या माणसाचा हेवाच वाटत होता.