धरलेली जागा

बसचा दरवाजा ते कधीच आपटत नाहीत, हाताने धरून दमानं लावतात. हॉर्न द्यायच्या आधी मागे वळून मुलांना विचारतात, "वाजवू का?" नटबोल्ट शर्टाच्या खिशात ठेवतात आणि चष्मा हत्यारांच्या पेटीत. मग पेटी शोधायला चष्मा लागतो.

हे आमच्या बालगृहाचे ड्रायव्हरकाका. युद्धाआधी ते शाळेची बस चालवत. आता त्याच बसमधून, लढाई चालू असलेल्या भागातून, आईबाप गमावलेली मुलं आणतात. काकू, म्हणजे त्यांची बायको, इथलं स्वयंपाकघर सांभाळतात. मी मुलांना वाचायला शिकवते. साहित्य शिकले, पण काकांविषयी लिहायला बसले की शब्द अंग चोरतात.

एका फेरीहून बस अंगणात आली, सगळी मुलं उतरली. मागच्या सीटवरची एक मुलगी तेवढी उतरेना.

"आईनं सांगितलंय, मी येईपर्यंत जागा सोडायची नाही."

तिला बसवून आई धाकट्याला आणायला घरात परत गेली होती. घर कोसळलं. काकांनी ते बाजूच्या आरशात पाहिलं आणि बाकीच्या मुलांसाठी बस हलवली.

संडासला जायचं झालं तर ती काकांना आपल्या जागी बसवायची. ते उठले तर नाहीत ना, हे बघायला पळत परत यायची.

सकाळी बस पुन्हा निघायला हवी होती. पलीकडे एका तळघरात आणखी मुलं वाट पाहत होती. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "उचलून आणा तिला. रडेल आणि गप्प होईल."

"गप्प होईल, हीच तर भीती आहे," काका म्हणाले आणि पाना घेऊन सीटखाली शिरले.

बोल्ट गंजले होते. काकांनी तेल सोडलं, शिव्या दिल्या, मुलीची माफी मागितली, पुन्हा तेल सोडलं. सीट सुटली. मुलीसकट ती आम्ही उचलून आत आणली. तिनं सीटचा दांडा घट्ट धरला होता.

काकू दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "अहो, आता इंजिनही आणा. पाणी तापवायला होईल."

"अगं, सरक आधी! राणीसरकारांची स्वारी आहे."

मुलीला तेच नाव पडलं.

बसमधल्या रिकाम्या जागी गाद्या टाकून काका फेरीला गेले. दुसऱ्या संध्याकाळी अंगणात बसचा दरवाजा दमानं लागला. काकूंनी भिंतीला पाठ टेकली. तळघरातली सगळी मुलं आली होती.

राणीसरकार सीटवरच जेवायची, सीटवरच झोपायची. फेरी नसली की काका जमिनीवर, सीटला टेकून बसायचे. एका दुपारी तिनं विचारलं, "आई कुठवर आली?"

काकांनी चष्मा काढला. "आई येणार नाही, बाळा. घर पडलं. ती आणि तुझा भाऊ आत होते. मी पाहिलं."

तिनं सीटचा दांडा पुन्हा धरला. मग रडली, हमसून हमसून. काकू धावत आल्या. काकांनी त्यांना हातानंच थांबवलं. रडून झाल्यावर ती म्हणाली,

"मग जागा?"

काकांनी खिशातून रुमाल ओढला. नटबोल्ट घरंगळले. त्यांनी रुमाल सीटवर पसरला. "धरली. रुमाल टाकलेल्या जागेवर कोणी बसत नाही. तू आत जाऊन जेवून ये."

तिनं एक पाय खाली टेकला. मग दुसरा. रुमाल नीट आहे ना, हे वळून पाहिलं. मग जाऊन काकूंच्या बाहीला नाक पुसलं.

"पुसा," काकू म्हणाल्या. "रुमाल कामावर आहे ना!" आणि तोंड फिरवलं.

आता ती अंगणभर हुंदडते. इतरांना चिमटेही काढते. परवा तिनंच काकांना सांगितलं, सीट परत बसमध्ये लावा, नवीन मुलांना लागेल. काका पाना घेऊन बसले. एक बोल्ट आवळला. दुसरा हातात होता, तोच अंगणातून तिची हाक आली, "काका, मला झोका कोण देणार?"

सीट अजून एकाच बोल्टवर डुगडुगते आहे. पाना खाली पडलाय. सीटवर रुमाल आहे.